काही साइट उघडतात, काही नाही : आधी कॉम्प्युटरची तारीख बघा

मैत्रिणींनो, पीक विम्याची नाहीतर मुलीच्या शिष्यवृत्तीची शेवटची तारीख जवळ आली, की नेमका घरचा कॉम्प्युटर अडून बसतो. एक साइट झटकन उघडते, दुसरी काही केल्या उघडत नाही. मग कोणीतरी सांगतं, "व्हायरस आला, फॉरमॅट मारा." जरा थांबा. फॉरमॅट मारताना सी ड्राइव्ह पुसला जातो आणि डेस्कटॉपवर ठेवलेलं सगळं त्याच ड्राइव्हवर असतं. गटाचा हिशेब, ठरावांच्या प्रती, मुलांचे दाखले आपण बहुतेक तिथंच ठेवतो. शिवाय काही साइट उघडतात म्हणजे नेट येतंय, मशीनही चालू आहे. दोष बहुतेक वेळा लहानच असतो.

आधी तो कुठं आहे ते ठरवा. अडलेली साइट मोबाइलवर, मोबाइलच्याच डेटावर उघडून बघा. तिथंही उघडत नसेल तर साइट बंद आहे किंवा तिच्यावर गर्दी आहे. शेवटच्या दिवसांत सरकारी साइटचं असं होतंच. पहाटे बघा, कॉम्प्युटरला उगाच हात लावू नका. मोबाइलवर उघडली, तर त्याच मोबाइलचा हॉटस्पॉट कॉम्प्युटरला जोडा. आता चालली तर दोष वायफायच्या लाइनीत. तरीही नाही चालली तर दोष कॉम्प्युटरमध्ये.

कॉम्प्युटरमध्ये असेल, तर पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. वेळेबरोबर दिवस, महिना आणि वर्षही बघा. तुम्ही म्हणाल, तारखेचा आणि साइटचा काय संबंध? तर असा : ज्या साइटच्या पत्त्याआधी कुलूप किंवा 'एचटीटीपीएस' असतं, ती साइट उघडताना आपलं ओळखपत्र दाखवते. त्यावर कधीपासून कधीपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं. कॉम्प्युटर ते स्वतःच्या घड्याळाशी ताडून बघतो. घड्याळ मागं असेल तर त्याला वाटतं, हे ओळखपत्र तर अजून सुरूच झालं नाही, आणि तो दार लावून घेतो.

मग काहीच साइट का अडतात? समजा, ५ ऑगस्ट लिहिताना दिवस आणि महिना उलटसुलट झाला आणि ८ मे पडलं. ज्या साइटनं ओळखपत्र जुलैत बदललं ती अडेल. ज्या साइटचं मागच्या वर्षाअखेर काढलेलं अजून चालू आहे ती उघडेल. गूगलसारख्या साइट ओळखपत्र फार लवकर लवकर बदलतात, म्हणून कधीकधी आधी त्याच अडतात. पडद्यावर 'कनेक्शन प्रायव्हेट नाही' किंवा 'तुमचं घड्याळ मागं आहे' असं आलं तर हेच कारण धरा.

विंडोजच्या सेटिंगमध्ये 'टाइम अँड लँग्वेज'मध्ये जा, 'सेट टाइम ऑटोमॅटिकली' चालू करा आणि टाइम झोन चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्लीचाच ठेवा. कॉम्प्युटर बंद करून परत लावल्यावर तारीख पुन्हा मागं गेली, तर आतला बटन सेल संपलाय. लाइट नसतानाही घड्याळ चालू ठेवणारा हा सेल. सोयाबीनच्या काढणीत महिनाभर कॉम्प्युटरचा प्लग काढलेला असला की घड्याळाचा सगळा भार त्याच्यावर येतो. टेबलावरच्या कॉम्प्युटरला बहुतेक सीआर २०३२ नावाचा, ३ व्होल्टचा सेल लागतो. लाइट बंद करून, प्लग काढून मगच बदला. लॅपटॉप असेल तर मेकॅनिककडून करून घ्या.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. तो इशारा आला की खाली 'अ‍ॅडव्हान्स्ड' दाबून पुढं जाता येतं. बँकेच्या किंवा आधारच्या साइटवर असं पुढं जाणं म्हणजे अनोळखी माणसाच्या हातात पासबुक देणं.

दोष लाइनीत निघाला तर राउटर पाच मिनिटं बंद ठेवून चालू करा. 'डीएनएस'चा मेसेज येत असेल तर नेटचा पत्ता विचारण्याची जागा बिघडलीय. नावावरून साइटचा पत्ता सांगणारी ही सेवा नेट देणारी कंपनी पुरवते. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये त्या जागी गूगलचा ८.८.८.८ टाकता येतो. फोनवर व्हीपीएन असेल तर बंद करा. परदेशातून आलो असं समजून काही सरकारी साइट आत घेत नाहीत.

विंडोज ७ वाल्यांनी मनाची तयारी ठेवावी. मायक्रोसॉफ्टनं त्याचा आधार १४ जानेवारी २०२० ला थांबवला आणि त्यावर चालणारा शेवटचा क्रोम १०९ नंबरचा, २०२३ चा. तिथं तारीख बरोबर असूनही नव्या साइट अर्धवट दिसतात.

गूगलवर 'कस्टमर केअर' शोधून सापडलेल्या नंबरला फोन लावू नका; तो माणूस एनीडेस्क टाकायला सांगेल आणि खातं रिकामं करेल. तसं झालंच तर लगेच १९३० ला फोन करा. आणि मशीन दुकानात न्यायची वेळ आली, तर गटाचे हिशेब आधी पेनड्राइव्हवर उतरवून घ्या आणि पडद्यावरच्या मेसेजचा मोबाइलनं काढलेला फोटो सोबत न्या.