टेलच्या तालुक्याचा आमदार

सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांचं नाव निघालं की आधी विक्रम सांगितला जातो. मतदारसंघ एक, पक्ष एक आणि अकरा वेळा आमदारकी. १९६२ ला ते पहिल्यांदा विधानसभेत गेले, २०१४ ला शेवटचे निवडून आले. मधल्या काळात १९७२ ला हरले आणि १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ ला अवघ्या १९२ मतांनी पडले, तेव्हा सत्तरीला टेकले होते. तरी १९९९ ला लोकांनी पुन्हा त्यांनाच निवडलं.

या साऱ्या काळात त्यांचा शेतकरी कामगार पक्ष मात्र आटत गेला. १९६२ ला विधानसभेत शेकापचे पंधरा आमदार होते. २०१४ ला उरले तीन. सोबतचे कितीतरी जण काँग्रेसमध्ये गेले, मंत्री झाले, कारखानदार झाले. गणपतरावही दोनदा मंत्री झाले, १९७८ ला पुरोगामी लोकशाही दलाच्या (पुलोद) आणि १९९९ ला विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात. पण शेकापचा लाल बावटा खांद्यावरून उतरवून नव्हे. बाकी बहुतेक कारकीर्द विरोधी बाकांवर गेली. सत्ता नसताना आमदार तालुक्यासाठी काय करू शकतो, याचं उत्तर त्यांच्या कामात शोधावं लागतं.

सांगोला हा माणदेशी, पर्जन्यछायेतला तालुका. नीरा उजवा कालवा फलटण, माळशिरस, पंढरपूर करत इथे पोचतो तो शेवटी. वरच्या अंगाचे लोक उसाला पाणी घेतात आणि टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला पाण्याची पाळी येईपर्यंत पीक करपून जातं. कालव्यावर दिवस काढलेल्या माणसाला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. म्हणून कृष्णेचं पाणी उचलून दुष्काळी तालुक्यांना द्या, ही मागणी घेऊन क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींनी १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा भरवल्या, तेव्हा गणपतराव त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. पाणीवाटप लवादाने ठरवून दिलेलं कृष्णेचं वाट्याचं पाणी २००० सालाच्या आत अडवायची घाई राज्याला होतीच. त्या घाईत दुष्काळी भागाचा वाटा लिहून घेणं हे या चळवळीचं मोठं काम. टेंभू आणि म्हैसाळ योजनांचं पाणी पुढे टप्प्याटप्प्याने या पट्ट्यात आलं. फार उशिरा आलं, हेही सांगायला हवं. त्या उशिरात एक अख्खी पिढी ऊसतोडीला आणि मुंबईला गेली, आणि याचा जाब मी एकट्या आमदाराला नव्हे, मुंबईत बसलेल्या प्रत्येक सरकारला विचारेन.

गणपतरावांची शेतकरी सहकारी सूतगिरणी मला या पाण्याच्या लढ्याहून धाडसाची वाटते. तालुका काही कापसाचा नव्हे. कच्चा माल बाहेरून आणायचा आणि रोजगार गावात ठेवायचा, हा बेत कागदावर तोट्याचा दिसतो. राज्यातल्या कितीतरी सहकारी गिरण्यांना टाळं लागलं तरी सांगोल्याची गिरणी चालत राहिली. पुढे महिलांची वेगळी सूतगिरणीही उभी राहिली.

लोकांशी त्यांचं नातं एसटीतही दिसे. एसटीत खिडकीवर ‘विधानसभा सदस्यांसाठी राखीव’ असं लिहिलेली जागा असते. बहुतेक आमदार त्या जागेवर कधी बसत नाहीत. गणपतराव बसत. त्याच गाडीत गावचा माणूस आपलं गाऱ्हाणं घेऊन शेजारी येई, आणि अर्ज तिथल्या तिथे हातात पडे.

२०१९ ला त्यांनी वयामुळे निवडणूक लढवली नाही. नातू अनिकेत उभे राहिले आणि हजाराहून कमी मतांनी पडले. गणपतराव ३० जुलै २०२१ ला गेले. २०२४ ला दुसरे नातू बाबासाहेब शेकापच्याच तिकिटावर सांगोल्यातून निवडून आले. कार्यकर्त्यांच्या पक्षाला अखेर घरातलाच वारस शोधावा लागला, याची मला खंत वाटते. टेलच्या शेतकऱ्याच्या पाळीचा प्रश्न आता नव्या आमदाराच्या टेबलावर आहे.