भरतकाम पाहायला निघण्यापूर्वी

फ्रान्समधल्या बायू गावची एक कापडी पट्टी जगप्रसिद्ध आहे. लांबी सुमारे ७० मीटर, उंची जेमतेम अर्धा मीटर. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले, त्याची सारी हकीकत या पट्टीवर लोकरीच्या धाग्यांनी भरलेली आहे. कापड लिननचे, म्हणजे आपल्या ओळखीच्या जवसाच्या जातीच्या रोपापासून काढलेल्या धाग्याचे. २०२६च्या सप्टेंबरपासून २०२७च्या जुलैपर्यंत ही पट्टी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये मांडण्याचे २०२५ साली जाहीर झाले. घोडे, गलबते, राजे सारे तिच्यावर आहेत. मात्र सुई कोणाच्या हातात होती, ते कोणालाही ठाऊक नाही.

लंडनची वारी सर्वांना कोठून परवडणार? पण यवतमाळ जिल्ह्यातल्या कुटुंबाने जुने भरतकाम पाहायचे मनात आणले, तर त्याला लंडनची वाट पाहण्याचे कारण नाही. पुसद, दिग्रस, दारव्हा या भागातल्या बंजारा तांड्यांतून हीच कला पिढ्यान्‌पिढ्या नांदली आहे.

बंजारा म्हणजे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरणारा समाज. पुढे पक्के रस्ते झाले, आगगाडी आली आणि हा व्यापार बसला. त्या फिरत्या संसाराला भिंती नव्हत्या. मग शोभा करायची कोठे? ती कापडावर झाली. बायकांचा घेरदार फेटिया, पाठीवर बंदांनी बांधायची कांचळी, सुपारी-पैशाची कोथळी, एवढेच काय, डोक्यावरच्या घागरीखालची चुंबळसुद्धा भरतकामाने, आरशांनी आणि कवड्यांनी सजली.

पहिला मुक्काम : पोहरादेवी

दिग्रसपासून जवळच, पण वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे. संत सेवालाल महाराजांची समाधी येथे आहे. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी येथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्‌घाटन झाले. चार मजले आणि १३ दालने असलेल्या या इमारतीत समाजाचा इतिहास मांडला आहे. मुलांना आधी येथे न्यावे. हे लोक कोण, कोठून आले, कसे फिरले, हे कळले म्हणजे त्यांचा टाकाही कळू लागतो. निघण्यापूर्वी वेळ आणि सुटीचा वार तेवढा विचारून घ्यावा. रामनवमीला येथे मोठी यात्रा भरते. गर्दी सोसण्याची तयारी असेल, तर हे काम अंगावर ल्यालेल्या म्हाताऱ्या बायका त्या दिवशी पाहायला मिळतात.

दुसरा मुक्काम : अहमदाबाद

सुटी मोठी असेल, तर वर्ध्याहून किंवा बडनेऱ्याहून अहमदाबादची गाडी धरावी. तेथले कॅलिको म्युझियम १९४९ साली गौतम साराभाई आणि त्यांच्या भगिनी गिरा साराभाई यांनी उभे केले. देवळांतले पडदे, राजदरबारची वस्त्रे आणि निरनिराळ्या प्रांतांचे भरतकाम असा हा संग्रह आहे. मात्र तेथे आयत्या वेळी जाऊन भागत नाही. एका वेळी थोड्याच लोकांना आत घेतात, त्यासाठी आगाऊ नाव नोंदवावे लागते. म्हणून आधी नोंदणी आणि मग रेल्वेची तिकिटे, हा क्रम चुकवू नये.

पाहावे कसे?

अशा दालनांत उजेड मंद असतो. त्यावर कुरकुर करू नये. प्रखर उजेडाने रंग विटतात आणि धागा कुजतो. घरातल्या वडीलधाऱ्यांचा चष्मा आठवणीने घ्यावा. मुलांना सगळे दाखवण्याचा हट्ट नको. एकच कापड निवडून धावदोरा कोणता, साखळी टाका कोठे, आरसा कशाने धरून ठेवला, हे त्यांनाच शोधू द्यावे. दोन दिवस आधी घरी रुमालावर चार टाके घालायला लावले, तर त्यांची नजर आपोआप तयार होईल. मुलग्यांनाही यातून वगळू नये!

आणखी एक गोष्ट. तांड्यातल्या तरुण मुली आता साडी किंवा पंजाबी ड्रेस वापरतात. शेतात राबताना तो जड फेटिया कोण सांभाळणार? त्यात त्यांचा दोष नाही. पण जुने कपडे विकले जातात, त्यांचे तुकडे होऊन पिशव्या आणि उशांचे अभ्रे बनतात, आणि टाके ठाऊक असलेल्या आजीबाई एकेक करून कमी होत आहेत.

तेव्हा यात्रेत किंवा तांड्यात अशी आजी भेटली, तर न विचारता तिचा फोटो काढू नका आणि अंगावरच्या वस्त्राचा भाव तर मुळीच विचारू नका. नमस्कार करून, हे कोणी शिवले आणि कोणाकडून शिकलात, एवढे विचारा. जे नाव सांगतील, ते मुलांकडून वहीत लिहून घ्या. बायूच्या त्या पट्टीपाशी असे विचारायला कोणी उरलेले नाही. आपल्याकडे अजून आहे.