घरगुती टोमॅटो सॉस: आटवणे आणि टिकवणे

सॉस करणे म्हणजे मुख्यतः पाणी उडवणे. टोमॅटोत सुमारे ९४ टक्के पाणीच असते. एक किलो पिकलेले टोमॅटो चिरून, झाकण ठेवून शिजवा आणि मिक्सरमधून काढून गाळा.

आता हिशोब पाहा. एक किलो टोमॅटो उकळीला आणायला साधारण ३०० किलोज्यूल ऊर्जा लागते. त्यातले अर्धा किलो पाणी उडवायला सुमारे ११३० किलोज्यूल. म्हणून आटवताना झाकण काढा आणि स्टीलचे पसरट भांडे घ्या. रस दाट झाला की अभिसरण मंदावते आणि तळ करपतो. तेव्हा आच कमी करून ढवळत राहा. (उडणारे थेंब चांगलेच भाजतात!) ताटलीत थेंब टाका. भोवती पाणी सुटले नाही, की सॉस तयार. मग मीठ, साखर आणि दोन मोठे चमचे व्हिनेगर घाला.

व्हिनेगर केवळ चवीसाठी नसते. सामू ४.६ पेक्षा जास्त असेल तर बंद बाटलीत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा घातक जिवाणू वाढू शकतो. त्याचे बीजाणू साध्या उकळीने मरत नाहीत. टोमॅटोचा सामू नेमका याच रेषेच्या आसपास असतो आणि कांदा-लसूण घातल्यास तो वाढतो. म्हणून अंदाजाने व्हिनेगर घातलेली बाटली कपाटात ठेवू नका. फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याभरात संपवा.