डिझेलचा आलेख, डिझेलवरच उलटलेला

इंडिकेटर डायग्राम पाठ्यपुस्तकात कसा गुळगुळीत, सुबक असतो! खऱ्या इंजिनावर काढलेले कागद तसे नसतात, म्हणून तेच मी वर्षानुवर्षे धुंडाळत आलो. वॅटच्या कारखान्यात जॉन सदर्नने 1796च्या सुमारास वाफेच्या इंजिनासाठी ही युक्ती काढली. एका छोट्या सिलिंडरात स्प्रिंगवर बसवलेला दट्ट्या, त्याला जोडलेली पेन्सिल, आणि इंजिनाच्या दट्ट्याबरोबर पुढेमागे सरकणारा कागद. पेन्सिलीने रेखाटलेल्या बंद आकृतीचं क्षेत्रफळ म्हणजे त्या फेरीत झालेलं काम. वॅटच्या कंपनीने हे बरीच वर्षं गुपित ठेवलं.

पण माझा जीव अडकलाय तो ऑग्सबर्गमध्ये. 10 ऑगस्ट 1893. रुडॉल्फ डिझेलचं पहिलं प्रायोगिक इंजिन, 150 मिलिमीटर व्यासाचं, कारखान्याच्या पट्ट्यावर फिरवलं जात होतं. आत पेट्रोल सोडलं, ते पेटलं, आणि इंडिकेटरचा स्फोट झाला. तुकडे उडाले; सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. दाब 80 वातावरणांच्या आसपास गेला होता. मोजायचं यंत्रच फुटल्यावर दुसरा कुणी हबकला असता. डिझेलला मात्र हवं ते मिळालं: नुसत्या दाबाने तापलेल्या हवेत इंधन पेटतं, हे सिद्ध झालं.

17 फेब्रुवारी 1894ला हेच इंजिन, सुधारणा करून, मिनिटाला 88 फेऱ्यांनी मिनिटभर आपलं आपण चाललं. पट्टा आता इंजिनाला ओढत नाही, इंजिनच पट्ट्याला ओढतंय, हे लिंडर नावाच्या मेकॅनिकने हेरलं आणि मुकाट्याने टोपी काढली.

गोम पुढे आहे. 1892च्या पेटंटात आणि पाठोपाठच्या पुस्तकात डिझेलने सांगितलं होतं की ज्वलनाच्या वेळी तापमान वाढूच द्यायचं नाही. कल्पना कागदावर देखणी. पण पुस्तकातल्यासारखी हवा 250 वातावरणांपर्यंत दाबून अशा चक्राचा आलेख काढला, तर तो सुईसारखा बारीक निघतो. त्यात मिळणारं काम घर्षणच गिळून टाकतं. हे डिझेलला 1893मध्येच उमगलं. नोव्हेंबरात त्याने दुसऱ्या पेटंटासाठी अर्ज केला आणि ज्वलनाची रीत बदलली. पहिल्या कल्पनेचा गाजावाजा मात्र गुपचूप सोडून दिला. हे त्याचं मौन मला खटकतं. फेब्रुवारी 1897मध्ये प्रा. मोरित्स श्र्योटर यांनी इंजिन तपासलं तेव्हा कार्यक्षमता 26.2 टक्के भरली. एवढ्यावर जग खूश झालं.

योहानेस ल्युडर्स मात्र खूश नव्हता. या प्राध्यापकाने 1913मध्ये ‘डिझेल-मिथक’ अशा अर्थाच्या नावाचं पुस्तकच छापलं: चालणारं इंजिन पेटंटातलं चक्र चालवतच नाही, मग डिझेलचं त्यात काय? आलेख बघता आरोपाचा पहिला भाग खरा होता. दुसरा मला अन्यायकारक वाटतो. चुकीच्या सिद्धान्तावरून चालणारं इंजिन उभं करायला लागलेली चार वर्षांची झटापट ल्युडर्सने हिशेबातच धरली नाही.

असे आलेख काढणारी इंडिकेटरची पेन्सिल वेगवान इंजिनांपुढे लवकरच हरली. तिचं स्वतःचं वजनच आलेखात थरथरू लागलं. मग आरशावरून प्रकाश पाडणारे इंडिकेटर आले, नंतर दाबाखाली विद्युतभार देणारे क्वार्ट्‌झचे संवेदक. तरी दट्ट्याचं सर्वोच्च स्थान क्रँकच्या एका अंशाने चुकीचं धरलं, तर कामाचा आकडा पाच-दहा टक्क्यांनी घसरू किंवा फुगू शकतो.

डिझेलने आपल्या प्रयोगांची कहाणी 1912मध्ये बर्लिनच्या व्याख्यानात मांडली आणि ती आलेखांसकट छापली. सप्टेंबर 1913मध्ये अँटवर्पहून हार्विचला जाणाऱ्या ‘ड्रेस्डेन’ बोटीवरून तो नाहीसा झाला. ल्युडर्सला पुरेसं उत्तर द्यायला तो उरला नाही.