पहिली मोटारसायकल : पाटीवरची किंमत आणि खरी किंमत

गुढीपाडव्याच्या किंवा दसऱ्याच्या सकाळी दुचाकी विक्रेत्यांच्या दालनांत जी गर्दी लोटते, तिच्यात एक ग्राहक हमखास ओळखू येतो. नोकरीला लागून वर्ष-सहा महिने झालेला तरुण, सोबत वडील किंवा मामा आणि खिशात मोजून आणलेली रक्कम. चाकण, रांजणगाव किंवा वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणाऱ्या या मुलाची रात्रपाळी सुटते तेव्हा बस नसते आणि रिक्षाचे भाडे रोज परवडत नाही. मोटारसायकल असेल तरच नोकरी टिकेल, अशी त्याची स्थिती असते. साहजिकच घाई असते, आणि घाईत पाहिली जाते ती फक्त पाटीवरची किंमत. पहिल्या मोटारसायकलची खरी किंमत मात्र पाटीवर लिहिलेली नसते. ती पेट्रोलपंपावर, कर्जाच्या करारात आणि प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या, म्हणजे आरटीओच्या, नोंदीत दडलेली असते.

प्रथम नव्या गाडीचा हिशेब पाहू. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि लहान मोटारसायकली काही हजारांनी स्वस्त झाल्या. तरीही दालनातील किंमत आणि रस्त्यावर येईपर्यंतचा खर्च यांत बरेच अंतर राहते. महाराष्ट्रात इंजिनाच्या क्षमतेनुसार १० ते १२ टक्के वाहन कर भरावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा एकदम घेणे बंधनकारक आहे. जून २०२२ मध्ये लागू झालेल्या दरपत्रकात ७५ ते १५० सीसीच्या गाडीसाठी हा हप्ता ३,८५१ रुपये होता, त्यावर कर वेगळा. १५० ते ३५० सीसीच्या गटात तोच ७,३६५ रुपयांवर गेला होता. याशिवाय गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा, मालक-चालकाचा अपघात विमा, नोंदणी शुल्क आणि विक्रेत्याने सुचविलेले सीट कव्हर, क्रॅशगार्ड वगैरे. एकूण, पाटीवर ७० हजार असलेली गाडी घरी येईपर्यंत ८५ हजारांच्या आसपास पोहोचते. नियमानुसार नव्या दुचाकीसोबत हेल्मेट पुरविण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. ही गोष्ट ग्राहकाने विचारल्याखेरीज सहसा निघत नाही.

रोजचे किलोमीटर किती?

कोणती गाडी घ्यावी, या प्रश्नाचे उत्तर मित्रमंडळींकडे नसते. ते रोजच्या प्रवासात असते. घर ते कारखाना आणि परत असे ३० किलोमीटर, महिन्याला २६ दिवस धरले तर ७८० किलोमीटर होतात. लिटरला ६० किलोमीटर जाणाऱ्या गाडीला त्यासाठी १३ लिटर पेट्रोल लागते; ४० किलोमीटर जाणारीला साडेएकोणीस. लिटरमागे १०० रुपये धरले तरी दोहोंतील फरक महिन्याला ६५० रुपये, वर्षाला ७,८०० रुपये आणि पाच वर्षांत ३९ हजार रुपये होतो. म्हणजे एका गाडीने दुसऱ्या जुन्या गाडीची किंमत पेट्रोलमध्ये जाळलेली असते. ज्याचा प्रवास रोज सहा-सात किलोमीटरचाच आहे, त्याच्यासाठी अर्थातच हा फरक किरकोळ ठरतो. त्याने ॲव्हरेजच्या मागे न लागता गाडी किती चांगल्या स्थितीत आहे हे पाहावे.

१९९४ मध्ये आलेल्या हिरो होंडा स्प्लेंडरने शंभर सीसीच्या गाडीचे जे गणित या देशाला शिकविले, ते अजूनही मोडीत निघालेले नाही. पुढे २००१ मध्ये बजाजने पल्सर आणली आणि तरुणांना ताकदीची चटक लागली. ती स्वाभाविकच आहे. परंतु पहिल्या गाडीबाबत ताकदीपेक्षा वजनाचा विचार आधी व्हायला हवा. शंभर सीसीच्या गाड्यांचे वजन साधारण १०० ते ११५ किलो असते, ३५० सीसीची बुलेटच्या घराण्यातील गाडी १९० किलोच्या पुढे जाते. पावसाळ्यात चिखलात चाक घसरले किंवा चढावर इंजिन बंद पडले, की हा फरक नवख्याला प्रथम जाणवतो. सीटवर बसल्यावर दोन्ही पायांचे तळवे जमिनीला टेकतात का, हे दालनातच पाहावे. त्याला एक पैसाही लागत नाही, आणि तरीही बहुतेक जण आरशात स्वतःलाच पाहून उतरतात.

ब्रेकच्या बाबतीत एक तारीख लक्षात ठेवण्याजोगी आहे. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जागीच जखडू न देणारी यंत्रणा, सक्तीची झाली. १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना किमान कॉम्बी ब्रेक असतो. मागचा ब्रेक दाबताच पुढचाही काही प्रमाणात लागतो. त्याआधीच्या बहुतेक साध्या गाड्यांत यांपैकी काहीच नाही. जुनी गाडी घेताना ही उणीव किमतीत धरायला हवी.

व्याजाचा दर आणि दराची भाषा

नवी गाडी बहुधा कर्जावर घेतली जाते, आणि तेथे एका शब्दाने हजारोंचा फरक पडतो. ६० हजारांचे कर्ज, तीन वर्षांची मुदत आणि १२ टक्के व्याज, असे दोन वेगळ्या ठिकाणी सांगितले गेले तरी दोन्ही कर्जे सारखी नसतात. एका ठिकाणी दर ‘फ्लॅट’ असतो. म्हणजे मुद्दल फिटत गेले तरी व्याज अखेरपर्यंत पूर्ण ६० हजारांवरच आकारले जाते. एकूण व्याज २१,६०० रुपये आणि मासिक हप्ता सुमारे २,२६७ रुपये. दुसऱ्या ठिकाणी घटत्या शिलकीवर आकारणी होते. हप्ता सुमारे १,९९३ रुपये आणि एकूण व्याज पावणेबारा हजारांच्या आत. पहिल्या कर्जाचा दर घटत्या शिलकीच्या भाषेत मांडला तर तो २१ टक्क्यांच्या घरात जातो. दालनातील टेबलावर बसलेला वित्तसंस्थेचा प्रतिनिधी खोटे बोलत नाही, तो फक्त फ्लॅट दर सांगतो. ‘हा दर घटत्या शिलकीवर किती पडतो, ते कागदावर लिहून द्या’ एवढी एक मागणी ग्राहकाने करावी. त्याचबरोबर प्रक्रिया शुल्क आणि मुदतपूर्व परतफेडीचा आकार हेही त्याच कागदावर यावेत.

जुनी गाडी : कान, डोळे आणि बोटे

तीस-चाळीस हजारांतच भागवायचे असेल, तर जुन्या गाडीला पर्याय नाही, आणि त्यात कमीपणाही नाही. नीट राखलेली सात-आठ वर्षांची शंभर सीसीची गाडी नवख्याला उत्तम साथ देते. प्रश्न नीट राखलेली कोणती, हे ओळखण्याचा आहे.

गाडी पाहायला सकाळी जावे आणि इंजिन आधी गरम करून ठेवू नये असे मालकाला सांगावे. थंड इंजिन दोन-तीन किकमध्ये सुरू होते का, हीच पहिली परीक्षा. सुरू झाल्यावर सायलेन्सरमधून निळसर धूर येत राहिला, तर इंजिन ऑइल जळत आहे, म्हणजे पिस्टन-बोअरचे काम निघण्याची शक्यता आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल प्रमाणाबाहेर जळते आहे. ते दुरुस्तीने सुधारू शकते. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन हँडल सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवावे. मध्यभागी अडकल्यासारखे वाटले तर कोनसेट गेला आहे. पुढच्या शॉकअपच्या नळ्यांवर तेलाची ओल दिसली तर सील फुटले आहे. चेन-स्प्रॉकेटचे दात झिजून टोकदार झाले असतील तर पूर्ण संच बदलावा लागतो. यातले काहीच भयंकर नाही, परंतु प्रत्येकाची रक्कम किमतीतून वजा व्हायला हवी. भयंकर असते ती वाकलेली चासी. मागून पाहता दोन्ही चाके एका रेषेत नसतील, किंवा हँडलखालच्या सांगाड्यावर नव्या वेल्डिंगचा डाग वा ताज्या रंगाचा पट्टा असेल, तर गाडी कितीही स्वस्त असली तरी परत फिरावे.

मीटरवरील किलोमीटरवर विसंबण्यात अर्थ नाही, तो मागे फिरविता येतो. फूटपेगचे रबर, गिअरचा आणि ब्रेकचा पायदाब, सीटचे कापड यांची झीज मात्र सहसा खोटे बोलत नाही. मीटर १८ हजार दाखवीत असेल आणि पायदाबावरची नक्षी पार गुळगुळीत झाली असेल, तर कोणावर विश्वास ठेवायचा हे उघड आहे. टायरच्या कडेला चार आकडी खूण असते. पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शिल्लक असूनही सात-आठ वर्षांचे टायर पावसात दगा देते.

एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे निकष लागू झाले आणि कार्ब्युरेटरची जागा बहुतांश इंधन इंजेक्शनने घेतली. त्याआधीची कार्ब्युरेटरची गाडी तालुक्याच्या गावातला कोणताही मेकॅनिक उघडू शकतो; नवी गाडी थंडीत सहज सुरू होते, पण तिच्या बिघाडाला कधीकधी यंत्र जोडून पाहावे लागते. आता पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. एप्रिल २०२३ पूर्वीच्या अनेक गाड्या त्या हिशेबाने बनलेल्या नाहीत. त्यामुळे जुन्या गाडीची इंधननळी आणि रबरी भाग तपासून, गरजेनुसार बदलून घ्यावेत.

हे सारे झाल्यावर हेल्मेटसाठी पैसे उरायला हवेत. पुण्यासारख्या शहरात हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे निघाले असतील, पण डोक्याला त्या वादाशी देणेघेणे नसते. जून २०२१ पासून देशात आयएसआय चिन्हाचेच हेल्मेट विकण्यास परवानगी आहे. रस्त्याकडेला टांगलेल्या दीडशे रुपयांच्या टोपीवर ते चिन्ह छापलेले असले, तरी पट्टा आणि आतला फोम हाताने दाबून पाहिला की फरक कळतो.

नाव बदलले नाही तर

सर्वांत महाग पडते ती चूक गाडीत नसून कागदात असते. आपल्याकडे जुन्या दुचाकीचा व्यवहार बहुधा असा होतो : पैसे दिले, चावी घेतली, मुद्रांकावर ताबापावती झाली आणि विकणाऱ्याने कोऱ्या अर्जांवर सह्या करून दिल्या. ‘नंतर नाव चढवून घेऊ’ म्हणून ते अर्ज डिकीत पडून राहतात. दोन-तीन वर्षांत गाडी तिसऱ्याच्या हाती जाते, आणि आरसी बुकावर नाव पहिल्याचेच राहते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत हस्तांतरण नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचे असते. २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर असेच प्रकरण आले होते. मोटार एका हातून दुसऱ्या हाती, तेथून पुढे, अशी अनेकदा विकली गेली होती, मात्र नोंदणी पहिल्या मालकाच्याच नावावर होती. अपघाताच्या नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव आहे त्याचीच, असा निर्णय न्यायालयाने दिला. वडिलांची जुनी गाडी ओळखीच्याला विकून निर्धास्त झालेल्या प्रत्येकाने हे वाचण्यासारखे आहे.

घेणाऱ्याचे नुकसान वेगळेच, आणि त्याची कोणाला कल्पनाही नसते. विम्यासोबत मालक-चालकासाठी १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण घेतलेले असते. ते मिळण्यासाठी गाडी चालविणारा हा नोंदणीकृत मालक असावा लागतो, विमापत्र त्याच्या नावावर असावे लागते आणि त्याच्याकडे वैध परवाना असावा लागतो. नाव न बदललेल्या गाडीवर रात्रपाळीहून परतताना दुभाजकाला धडकून तरुण गेला, तर त्या संरक्षणातून त्याच्या घरच्यांना काही मिळत नाही. समोरचे वाहनच नसल्यामुळे दुसऱ्या कोणाच्या विम्यावर दावाही उभा राहत नाही. वडिलांच्या नावावरची गाडी चालविणाऱ्या मुलालाही हेच लागू होते. त्याच्यासाठी स्वतंत्र वैयक्तिक अपघात विमा घेणे, हा सोपा उपाय आहे.

म्हणून पैसे देण्याआधी क्रम असा ठेवावा. परिवहन खात्याच्या वाहन प्रणालीत गाडीचा क्रमांक टाकून मालकाचा तपशील, नोंदणीची तारीख, विमा, पीयूसी आणि वित्तसंस्थेचा बोजा आहे किंवा नाही, हे पाहावे. बोजा दिसत असेल तर वित्तसंस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र आणि नमुना ३५ हाती आल्याशिवाय पुढे जाऊ नये. ‘कर्ज कधीच फिटले आहे’ या तोंडी आश्वासनाला आरटीओच्या खिडकीवर किंमत नसते. थकीत ई-चलने वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर दिसतात. आरसीवरील चासी आणि इंजिन क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकांशी अक्षरशः अक्षर लावून पाहावेत. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसविलेली आहे ना, याची खात्री करावी. ती नसल्यास हस्तांतरणाचे काम अडते. नोंदणीला १५ वर्षे होत आली असतील तर नूतनीकरणाचा खर्च आणि पर्यावरण कर कोण भरणार, हे आधीच ठरवावे. परराज्यातील क्रमांकाची स्वस्त गाडी तर ना हरकत प्रमाणपत्र आणि महाराष्ट्राचा कर जमेस धरल्यावर बहुधा स्वस्त राहत नाही.

नमुना २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या समोरासमोर, सर्व रकाने भरून आणि तारीख घालून व्हाव्यात. रकमेचा एखादा भाग, पाच हजार का असेना, नवे आरसी हाती येईपर्यंत राखून ठेवण्याची अट ताबापावतीतच लिहिता येते. प्रामाणिक विक्रेता तिला हरकत घेत नाही, कारण नाव लवकर उतरणे त्याच्याही हिताचे असते. गाडी ताब्यात आल्यापासून १४ दिवसांच्या आत विमा कंपनीकडे अर्ज करून विमापत्र आपल्या नावावर करून घ्यावे. जुन्या मालकाला मिळालेली नो-क्लेम सवलत त्याच्याकडेच राहते, त्यामुळे हप्त्यात थोडी रक्कम वाढते. ती भरून पावती आरसीच्या प्रतीसोबत घरी ठेवावी, आणि ती कोठे ठेवली आहे हे घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवावे.