खारी हवा आणि जुनी स्पोर्ट्स कार

तापी जेथे खंभातच्या आखाताला मिळते, त्या हजीरा परिसरात वापरलेली स्पोर्ट्स कार घेणाऱ्याने धावलेल्या किलोमीटरइतकेच तिच्या वयाकडेही लक्ष द्यावे, कारण खाऱ्या, दमट हवेत गाडी नुसती उभी असली तरी तिच्या पत्र्याला, ब्रेकच्या नळ्यांना आणि तारांच्या जोडांना गंज चढत राहतो. ब्रेक ऑइल, म्हणजे पायाचा दाब चाकांपर्यंत पोहोचवणारा द्रव, हवेतील ओलावा शोषून घेते; 'डॉट ४' दर्जाच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, परंतु त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरले की तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. वेगात वारंवार ब्रेक लावल्यास असा द्रव उकळतो, त्यात वाफेचे बुडबुडे धरतात, आणि वाफ सहज दबली जात असल्यामुळे पेडल तळाला जाऊनही गाडी थांबत नाही. टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखणारा रबरी पट्टा, वरून धडधाकट दिसला तरी वयाने कमकुवत होतो, आणि तो तुटल्यास अनेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून मोठे नुकसान होते. गाडीचा तळ गोड्या पाण्याने नियमित धुवावा. सर्व्हिसच्या नोंदी नसलेल्या गाडीचे ब्रेक ऑइल आणि पट्टा असल्यास तोही बदलल्याखेरीज ती वेगाने चालवू नये.