गेम दहा मिनिटांनी अडकायला लागतो? नवं ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी हे बघा

गेल्या मे महिन्यात माझ्या मावसभावाचा फोन आला, "दादा, जीटीए फाईव्ह लय अडकतोय बघ. जीटीएक्स 1650 विकून नवीन कार्ड घेतो." वर्षभर साठवलेले पैसे होते त्याचे. म्हटलं, थांब, आधी मी येतो.

त्यांचं घर कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात. आजूबाजूला लेथ आणि वर्कशॉप, त्यामुळे धुळीला तोटा नाही. मी पहिला प्रश्न विचारला, "सुरू केल्या केल्या अडकतो, की थोड्या वेळानं?" तो म्हणाला, "पहिली दहा मिनिटं एकदम भारी चालतो." इथंच मला शंका आली. कार्डाची ताकद कमी असती तर गेम पहिल्या मिनिटापासून रडला असता.

गेम चालू ठेवून विंडोज आणि जी ही बटणं एकत्र दाबली. गेम बारमध्ये एफपीएस, सीपीयू आणि जीपीयू किती वापरात आहेत ते दिसतं. एफपीएस 70 वरून 25 वर आलेले, आणि जीपीयू फक्त 40 टक्के! म्हणजे कार्ड रिकामं बसून कुणाची तरी वाट बघत होतं. वाट प्रोसेसरची. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये सीपीयूचा स्पीड बघितला. त्याचा आय फाईव्ह 10400, बेस स्पीड 2.9 गिगाहर्ट्झ, पण तेव्हा 1.8 वर घसरलेला. टास्क मॅनेजर प्रोसेसरचं तापमान दाखवत नाही, म्हणून एचडब्ल्यूमॉनिटर टाकलं. 99 अंश! या चिपची मर्यादा 100 आहे. तिथं पोचली की जळू नये म्हणून ती स्वतःच स्पीड कमी करते. मोबाइलवर बीजीएमआय खेळताना फोन तापला की गेम जड होतो ना, तसंच.

मग कॅबिनेट (आपण सरसकट ज्याला सीपीयू म्हणतो तो डबा) बघितला. धूळ जाऊ नये म्हणून मावशीनं त्याला झकास कव्हर शिवलेलं! भाऊ पुढून कव्हर वर करून बटण दाबायचा, मागचा फॅन झाकलेलाच. आत प्रोसेसरच्या हीटसिंकमध्ये धुळीचा नमदा बसलेला.

साफ करताना पीसी बंद करून प्लग काढा, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्टॅटिक वीज घालवा. रंगकामाचा कोरडा, मऊ ब्रश पुरतो. ब्लोअर मारणार असाल तर फॅनचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर तो भन्नाट फिरून बेअरिंग खराब होतं. ओलं फडकं अजिबात नको. आम्ही कूलर काढून वाळलेली थर्मल पेस्ट पुसली आणि वाटाण्याएवढी नवी लावली. तापमान 75 च्या आसपास, एफपीएस परत 70. खर्च फक्त पेस्टच्या ट्यूबचा.

तुमच्याकडे गेम पहिल्यापासूनच अडकत असेल तर मॉनिटरची केबल बघा. ती मदरबोर्डला लावलेली असेल, तर कार्ड असूनही बहुतेक वेळा गेम इंटरनल ग्राफिक्सवरच चालतो. ही चूक मी स्वतः केलीय, हसू नका. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच खेळा.

आणि तापमान ठीक असताना जीपीयू सतत 97-98 टक्के दिसला, तरच कार्ड कमी पडतंय. तेव्हासुद्धा आधी शॅडो आणि रिझोल्यूशन कमी करून बघा.

मावशीनं आता कव्हरला मागून मोठी खिडकी कापलीय.